कुर्ली: लाइन पकडून ठोकळे उचलणारा रोबो, जुलै ते नोव्हेंबरच्या नोंदी

५ जुलै २०२५

नियमांची पीडीएफ आली एकदाची. काम असं आहे: पांढऱ्या फ्लेक्सवर २० मिमी रुंद काळी लाइन, वाटेत चौक, शेवटी एका पट्टीवर ५ सेमीचे लाल-निळे लाकडी ठोकळे. रोबोने स्वतःहून लाइन धरून जायचं, ठोकळा उचलायचा, रंग ओळखून त्या रंगाच्या खणात टाकायचा आणि पुढच्या ठोकळ्यासाठी परत यायचं. रिमोट चालत नाही. वेळ ३ मिनिटं. सुरुवातीला २५ सेमीच्या चौकोनी डब्यात मावला पाहिजे, वजन २ किलोच्या आत, बॅटरी १२ व्होल्टच्या वर नको. स्पर्धा ८ नोव्हेंबरला, मडगावच्या बाजूला.

टीम चौघांची. मेकॅनिकल माझ्याकडे, एक कोडवाला, एक वायरिंगवाली, आणि एक ज्युनियर मुलगी जी शाळेत केअर्स योजनेत (गोवा सरकारची, शाळांत कोडिंग-रोबोटिक्स शिकवणारी) ब्लॉक ओढून ओढून कोडिंग शिकली आणि आता आम्हाला उत्तरं येत नाहीत असे प्रश्न विचारते. बजेट ६००० रुपये, त्यातले ३००० कॉलेज देणार, तेही बिलं दाखवल्यावर.

गेल्या वर्षीच्या सिनियर्सनी काहीच लिहून ठेवलेलं नाही. विचारलं तर म्हणाले "उजेड सांभाळा रे", बस. म्हणून या नोंदी, निदान पुढच्या बॅचला हातात काहीतरी असू दे.

११ जुलै

चेसी. आधी ३ मिमी ॲक्रिलिक आणलं कारण यूट्यूबवर सगळ्यांचं तेच असतं. भोकं पाडताना दुसऱ्याच भोकाला कोपरा तडकला. ॲक्रिलिकला भोक पाडायचं तर खाली लाकडाचा तुकडा धरून ड्रिल हळू चालवावं लागतं हे नंतर कळलं, तोवर १८० रुपयांची शीट गेली होती. एमडीएफ म्हणाल तर आमच्याकडे पावसात नुसतं टेबलावर ठेवलं तरी फुगतं. शेवटी शेजारच्या मेस्ताकडे (सुताराकडे) गेलो, त्याच्याकडे ६ मिमी वॉटरप्रूफ प्लायचे तुकडे पडलेले असतात, त्याने २० × १६ सेमीचा एक कापून दिला, पैसे घेतले नाहीत, वर विचारलं "ह्याच्यावर काय, गाडी करणार?" हो म्हटलं.

प्लाय दिसायला गावठी आहे पण स्क्रू कुठेही मारा, चुकला तर बाजूला दुसरा मारा. कडा पॉलिश पेपरने घासल्या, दोन हात वॉर्निश मारलं. मागे दोन चाकं, पुढे बॉल कॅस्टर (कुठेही फिरणारी आधाराची गोळी), त्याच्या पुढे पंजा. पंजामुळे नाव कुर्ली (म्हणजे खेकडा) पडलं.

१८ जुलै

एन२० (छोट्या, गिअरवाल्या) मोटर घेतल्या, ६ व्होल्ट, ३०० आरपीएमवाल्या, ४३ मिमीची चाकं. ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा बोर्ड) म्हणून लॅबमध्ये सगळे वापरतात तो एल२९८एन. बॅटरी दोन १८६५० लिथियम सेल सिरीजमध्ये, जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले, म्हणजे फुकटचे.

रोबो जागचा हलेना. पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून मोटरचा वेग कमी-जास्त करायची पद्धत) अर्ध्यापर्यंत नेला की एकदम उसळी मारून पळायचा, कमी केला की नुसता गुणगुणत उभा. मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर ७.६ व्होल्ट आणि मोटरवर साडेपाचसुद्धा नाही. एल२९८एनच्या आत जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत, ते साधारण दोन व्होल्ट स्वतःच खातात आणि उष्णता म्हणून सोडतात, तो मोठा काळा हीटसिंक उगाच नाही दिलेला. १२ व्होल्टच्या मोठ्या मोटरला ते चालून जातं, सात व्होल्टच्या बॅटरीतून दोन गेले तर उरलं काय?

टीबी६६१२ मागवला, २२० रुपये. त्यात मॉस्फेट (नव्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर) आहेत, ड्रॉप अगदी किरकोळ. सलग करंट १.२ अँपिअर प्रति मोटर, एन२० ला भरपूर झाला.

आला, जोडला, आणि आता मोटर अजिबातच फिरेनात. कोड बघितला, वायर बघितल्या, दुसरा नॅनो (आर्डुइनोचा छोटा बोर्ड, रोबोचा मेंदू) लावून बघितला. अख्खी संध्याकाळ गेली. त्या बोर्डावर एसटीबीवाय म्हणून एक पिन आहे, ती मोकळी ठेवली तर चिप झोपून राहते, तिला ५ व्होल्ट द्यावे लागतात. एका वायरचं काम. कोणी टीबी६६१२ घेत असाल तर आधी ती वायर जोडा, मग बाकी सगळं.

२६ जुलै

सरावासाठी फ्लेक्स छापून आणला फोंड्याहून, ८ × ६ फूट, १२ रुपये चौरस फूट, ५७६ रुपये. दुकानदाराने घडी घालून दिला, आम्हीही तसाच पिशवीत कोंबून आणला. फ्लेक्स गुंडाळूनच आणायचा, घडीच्या खुणा जात नाहीत, इस्त्री मारायचा विचारही करू नका.

सेन्सर म्हणजे आठ डोळ्यांची आयआर (इन्फ्रारेड) पट्टी, ४८० रुपये. आठही डोळे नॅनोच्या ए० ते ए७ ला जोडले तर ॲनालॉग पिनच संपतात आणि बॅटरीचं व्होल्टेज मोजायला एकही राहत नाही. टोकाचे दोन सोडले, मधले सहा घेतले. दोन डोळ्यांत साडेनऊ मिमी अंतर, म्हणजे सहा मिळून पावणेपाच सेमी, २० मिमीच्या लाइनला पुरतं, आणि चौक आला की सहाच्या सहा काळं दाखवतात.

उंची महत्त्वाची. आम्ही पट्टी आधी जमिनीपासून सेंटिमीटरभर वर लावली होती, काळ्या-पांढऱ्यात फरकच मिळेना. ३ मिमीवर आणली तर पांढरं ७०-८०, काळं ८५० च्या वर (आयआर कमी परत आला की आकडा मोठा). खाली घासू नये म्हणून कॅस्टरच्या बाजूला वॉशर घालून उंची जुळवली.

बाहेर धो धो पाऊस, लॅबमध्ये ट्यूबलाइट, रीडिंग इतकी छान की कोडवाला म्हणाला कॅलिब्रेशनची गरजच नाही, आकडे थेट कोडमध्ये टाकतो. टाकले.

३ ऑगस्ट

घडीवर लाइनचा रंग उडाला, पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. ज्युनियरने काळ्या परमनंट मार्करने भरून काढलं, सुबक, बघणाऱ्याला कळणार नाही. रोबो बरोबर त्याच जागी लाइन सोडून भटकायचा.

तासभर कोडमध्ये शोधल्यावर तिनेच सेन्सर हातात धरून मार्करच्या ठिपक्यावर नेला: १३०. शेजारी छापलेल्या काळ्यावर ८६०. पुष्कळ मार्करच्या शाईत नुसता डाय असतो, तो आपल्या डोळ्याला काळा पण आयआर त्याच्यातून आरपार जाऊन खालच्या पांढऱ्यावरून परत येतो. कार्बन असलेली शाई आयआर गिळते. काळी इन्सुलेशन टेप लावून बघितली, ८४०, मग टेपच लावली. तेव्हापासून काहीही काळं वापरायचं तर आधी सेन्सरखाली धरून आकडा बघायचा असा नियम केला.

१० ऑगस्ट

पीआयडी, म्हणजे रोबो लाइनपासून किती सरकला (एरर) ते बघून वळण दुरुस्त करायचं गणित. आमच्याकडे खरं तर पीडीच, आय शून्य ठेवला. थिअरी नेटवर ढीगभर आहे, आमचा वेळ कशात गेला ते सांगतो.

कोडवाला ट्यून करताना सहाही सेन्सरचे आकडे आणि एरर सिरियल मॉनिटरवर छापत होता, ९६०० बॉडवर. रोबोच्या मागे यूएसबी केबल धरून एक जण धावतोय असं दृश्य. दोन संध्याकाळी घालवून केपी, केडी (पी आणि डीचे गुणक) जुळवले, रोबो लाइनवर मस्त गुळगुळीत चालायला लागला. मग केबल काढायची म्हणून त्याने प्रिंटच्या ओळी काढून टाकल्या, आणि तोच रोबो तेच आकडे घेऊन शिगम्यातल्या घोडेमोडणीसारखा (घोड्यांच्या नाचासारखा) डावीउजवीकडे नाचायला लागला!

कारण साधं आहे. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, एका अक्षराला एक मिलिसेकंद. आमची ओळ चाळीसेक अक्षरांची, म्हणजे प्रत्येक फेरीत ४० मिलिसेकंद नुसतं छापण्यात जात होते. प्रिंट काढल्यावर फेरी ३ मिलिसेकंदांवर आली. केडी मागच्या फेरीच्या आणि या फेरीच्या एररमधल्या फरकाला गुणतो, फेरी तेरापट लहान झाली तर फरकही तेवढाच लहान, म्हणजे ब्रेकच गेला म्हणा ना.

आता मायक्रोस (आर्डुइनोचं मायक्रोसेकंद मोजणारं फंक्शन) बघून फेरी बरोबर ५ मिलिसेकंदांची बांधून टाकली आहे, प्रिंट असो नसो. प्रिंट करायचंच असेल तर ११५२०० वर, आणि दर वीस फेऱ्यांनी एकदा. सगळं ट्यूनिंग पहिल्यापासून करावं लागलं.

सेल फुल चार्ज असताना ८.४ व्होल्ट, थोडा वेळ चालल्यावर ७.४, आणि तेवढ्यानेही वळणं बिघडतात. दोन १० के रेझिस्टर लावून बॅटरीचं व्होल्टेज ए६ वर वाचतो आणि पीडब्ल्यूएम त्या प्रमाणात वाढवतो. ही आयडिया वायरिंगवालीची, आणि पूर्ण रोबोतली सगळ्यात कमी पैशातली सुधारणा. चार रुपये.

१९ ऑगस्ट

पंजा, पहिला अवतार. दोन बोटं, मध्ये गिअरचे दात, एक एमजी९९६आर सर्वो (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी मोटर). पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकमध्ये) छापला. प्रिंटरच्या नोझलमधून चट चट आवाज, भागावर केसांसारखे धागे, आणि दात बोटाने दाबले तरी तुटतात. रीळ जूनपासून उघडं पडलेलं होतं, गोव्यातल्या जूनमध्ये उघडं. पीएलए हवेतलं पाणी पितं आणि नोझलमध्ये गेलं की त्या पाण्याची वाफ होते, तो चट चट आवाज तिचा. मॅडमनी घरचं फळं सुकवायचं यंत्र आणून दिलं, त्यात ४५ डिग्रीला रात्रभर ठेवलं, आवाज बंद, दात मजबूत. आता रीळ झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या, वर "खाऊ नये" असं कोणीतरी लिहिलंय.

२३ ऑगस्ट

सर्वो जोडला आणि दोन भानगडी एकदम आल्या, म्हणून शोधायला जास्त वेळ लागला.

पहिली: सर्वो जोडल्यापासून डावी मोटर एक तर फुल पळते किंवा बंद, मधला वेग नाही. आर्डुइनोची सर्वो लायब्ररी टायमर १ स्वतःकडे घेते आणि त्यामुळे ९ आणि १० नंबरच्या पिनवरचा पीडब्ल्यूएम जातो. आमची डावी मोटर ९ वर. ५ आणि ६ वर दोन्ही मोटरचे पीडब्ल्यूएम हलवले, मिटलं.

दुसरी जास्त वाईट. पंजाने ठोकळा धरला की रोबो एक क्षण थांबायचा आणि मग पुन्हा सुरुवातीपासून, म्हणजे ठोकळा धरलेला असताना लाइन शोधायला निघायचा. कोडवाला म्हणे स्टेट मशीनमध्ये (कुठल्या टप्प्यानंतर काय करायचं तो कोड) बग आहे, वायरिंगवाली म्हणे कोडमध्ये काही नाही, नॅनो रीसेट होतोय. बरीच वादावादी झाली. ज्युनियरने सेटअपमध्ये एलईडी तीनदा लुकलुकेल अशी ओळ टाकली. ठोकळा धरला, एलईडी तीनदा लुकलुकला. विषय संपला.

सर्वो ठोकळ्यावर अडकला की अडीच अँपिअरपर्यंत करंट ओढतो, आणि तो नॅनोच्याच ५ व्होल्टच्या बक कन्व्हर्टरवर (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारा बोर्ड) होता. त्यात ते फुकटचे लॅपटॉपचे सेल, लोड आला की झटक्यात व्होल्टभर खाली. नवे सेल घेतले, २९० चा एक. सर्वोला वेगळा बक कन्व्हर्टर, त्याच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ग्राउंड मात्र दोघांचा एकच, तो एकत्र केला नाही तर सर्वो नुसता थरथरतो. फुकटच्या सेलनी आमचा नक्की किती वेळ खाल्ला याचा हिशेब करवत नाही.

२७ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर

चवथ (गणेश चतुर्थी). काम बंद. कॉलेज बंद, दुकानं बंद, कलर सेन्सरचं पार्सल कुठल्यातरी गोडाऊनमध्ये. घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची असते तेव्हा सोल्डरिंग आयर्न हातात घेतलेला मुलगा कोणाला चालत नाही.

पण एक कामाची गोष्ट झाली. माशेल-कुंभारजुव्याच्या बाजूला चवथीचे देखावे बघायला गेलो होतो, तिथे एक काका हलत्या देखाव्याच्या मागे स्टूल टाकून बसलेले. मूर्तींचे हात, मान, सगळं गाडीच्या वायपरच्या मोटरवर, सायकलची चेन, क्रँक, आणि जागोजागी स्प्रिंग. आमचा पंजा मोबाईलवर दाखवला. त्यांनी व्हिडिओ एकदा बघितला आणि म्हणाले, "अरे बाबा, मोटर कशाला जोर लावून धरून ठेवतोस? धरायचं काम स्प्रिंगला दे, मोटरला फक्त उघडायला सांग. रात्रभर चालायचं असतं आमचं, तुझ्यासारखं केलं तर पहिल्या आरतीलाच मोटर जळेल."

७ सप्टेंबर

पंजा, दुसरा अवतार, काकांच्या सांगण्याप्रमाणे. गिअरचे दात गेले. दोन बोटं साध्या बोल्टवर फिरतात, नट घट्ट आवळायचा नाही, दुसरा नट वरून लॉक करायचा. बोटांच्या मागे ओढून बसवलेली स्प्रिंग (जुन्या छत्रीतली) बोटं मिटवते. सर्वोच्या हॉर्नवर एक गोल चकती, ती फिरली की दोन्ही बोटं बाहेर ढकलते. म्हणजे ठोकळा धरलेला असताना सर्वोवर भारच नाही, कोडमध्ये त्या वेळी डिटॅचच करून टाकतो (सर्वोचा सिग्नल बंद), आवाजही बंद. बोटांच्या आतून सायकल ट्यूबचे तुकडे फेविक्विकने चिकटवले. ठोकळा पाच मिमी इकडेतिकडे असला तरी बोटं स्वतःच सरकून धरतात, आधी आम्ही त्यासाठी कोड लिहायला बसलो होतो.

उचलायला वेगळा छोटा सर्वो, ठोकळा जमिनीपासून फक्त १५ मिमी वर. जास्त वर उचलण्यात काही अर्थ नाही, नुसता तोल जातो.

२१ सप्टेंबर

सकाळी लॅबमध्ये रोबो आंधळा झालेला. काल रात्री धडाधड चालत होता, आज खिडकीच्या बाजूच्या अर्ध्या फ्लेक्सवर लाइन दिसतच नाही, भिंतीच्या बाजूला ठीक. सगळ्यांनी वायरिंगवालीकडे बघितलं, ती वैतागली, सगळे कनेक्टर दाबून दाबून दाखवले तिने.

झालं होतं असं की बऱ्याच दिवसांनी ऊन आलं होतं. जुलै-ऑगस्ट आम्ही ढगांखाली सगळं बनवलं. उन्हात आयआर इतका असतो की सेन्सरला वाटतं जोरदार परत येतंय, म्हणजे पांढरं, खाली काळी लाइन का असेना. ट्यूबलाइट, एलईडी यांच्यात आयआर जवळजवळ नसतोच, म्हणून रात्री सगळं सुरळीत. सिनियर्सच्या "उजेड सांभाळा"चा अर्थ आत्ता लागला, दोन वाक्यं जास्त बोलले असते तर काय बिघडलं असतं देव जाणे.

२८ सप्टेंबर

उन्हावर उपाय, जसे केले त्या क्रमाने.

कोडमधून: पट्टीवर आयआर एलईडी बंद करायची पिन आहे, ती मोकळी होती. तिला डी४ ला जोडली, एकदा एलईडी चालू ठेवून वाचायचं, एकदा बंद ठेवून, आणि वजा करायचं. सावलीत, तिरक्या उजेडात छान चालतं. थेट ऊन पडलं की नाही, कारण सेन्सर आधीच तळाला टेकलेला असतो, एलईडी चालू-बंदने काही फरकच पडत नाही, शून्यातून शून्य वजा.

म्हणजे ऊन अडवणंच आलं. पट्टीभोवती काळ्या चार्ट पेपरचा घागरा केला. काही उपयोग नाही, उलट रीडिंग बिघडली. सेन्सरखाली धरला तर आकडा १५०, म्हणजे हा कागदसुद्धा मार्करच्याच जातीचा. मग काळा क्राफ्ट फोम तपासला, ८००. त्याचा घागरा, जमिनीपासून १ मिमी वर, खालच्या कडेला उभे काप दिलेले म्हणजे फ्लेक्सच्या घडीवर अडकत नाही. खिडकीतल्या उन्हात ठेवून सुद्धा आता काळं ८०० च्या खाली येत नाही.

कोडमध्ये कोरून ठेवलेले जुलैचे आकडे काढले. सुरू करताना रोबो लाइनवर जागच्या जागी पाच सेकंद डावी-उजवी करतो आणि प्रत्येक डोळ्याचं किमान-कमाल स्वतः घेतो. फ्लेक्सही दुसरा छापला, मॅट, १५ रुपये फूट, ७२०. पहिला चकचकीत होता, ट्यूबलाइटखाली नाही पण तिरक्या उन्हात आरशासारखा मारायचा. यावेळी गुंडाळून आणला, कदंबाच्या बसमध्ये सहा फुटी नळकांडं उभं धरून, कंडक्टरने अर्धं तिकीट घेऊ का विचारलं.

९ ऑक्टोबर

कलर सेन्सर टीसीएस३२०० पंजाच्या मध्ये बसवला. नुसता लाल आकडा-निळा आकडा बघितला तर उजेडाप्रमाणे बदलतो. लाल भागिले तिन्हीची बेरीज असं प्रमाण घेतलं, चालायला लागलं. यात फार काही झालं नाही.

दुसरं झालं. पंजा घरी न्यायचा म्हणून स्कूटरच्या डिकीत ठेवला, दुपारभर स्कूटर उन्हात. काढला तर एक बोट केळ्यासारखं वाकलेलं. पीएलए साठेक डिग्रीला मऊ पडतं, आणि त्यात स्प्रिंगने ताणलेलं. परत छापला, आता जाडीला ४ ऐवजी ६ मिमी, आणि रोबो नेताना स्प्रिंग सोडवून ठेवतो. पीईटीजीमध्ये (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) छापायला हवा होता पण रीळ हजाराचं आणि बजेट केव्हाच ओलांडलंय.

२० ऑक्टोबर

आठवडाभर कोडवाला आणि मल्टिमीटर दोन्ही गायब. वाड्यावरचा नरकासुर (दिवाळीच्या पहाटे जाळतात तो पुतळा). यंदा मान फिरते, डोळे लुकलुकतात, आणि ते सगळं आमच्या उरलेल्या एल२९८एनवर चालवलं म्हणे, १२ व्होल्टची बॅटरी लावून. तिथे तो झक्कास चालला. पहाटे नरकासुर जाळायच्या आधी ड्रायव्हर काढून घेतला, मल्टिमीटरचा एक प्रोब मात्र सापडला नाही, बहुतेक जळाला.

२६ ऑक्टोबर

देवळाच्या सभामंडपात पूर्ण सराव, स्टॉपवॉच लावून, बाहेरच्या माणसाने रेफरी व्हायचं असं ठरवून. लॅबच्या बाहेर नेल्याशिवाय काय काय निघतं कळत नाही. फरशीच्या सांध्यावर फ्लेक्स खाली जातो, कॅस्टर तिथे अडखळतो, पट्टीची उंची बदलते. चाकांना धूळ लागली की वळताना घसरतात, प्रत्येक फेरीआधी ओल्या फडक्याने पुसायची. जंपर वायर, त्या ब्रेडबोर्डवाल्या, धक्क्याने सुटतात, पावसाळ्यात काही पिनांवर हिरवट थर चढलाय तो वेगळा. वायरिंगवालीने दोन रात्री बसून सगळं झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांचा बोर्ड) सोल्डर केलं, बॅटरी आणि मोटरला लॉक होणारे कनेक्टर, उरलेल्या जागी ग्लू गन. हे जुलैमध्ये करायला हवं होतं असं ती म्हणाली, आणि तेव्हाही म्हणाली होती.

तीन मिनिटांत तीन ठोकळे. यापेक्षा वेग वाढवला तर चौक चुकतो.

८ नोव्हेंबर

हॉलमध्ये एलईडीच होते, बरं वाटलं, पण स्टेजवर व्हिडिओवाल्याचे दोन मोठे हॅलोजन आणि त्यांचा झोत थेट अरेनाच्या एका कोपऱ्यावर. बऱ्याच टीमचे रोबो त्या कोपऱ्यात जाऊन भिरभिरत होते. त्यांना वाटत होतं फ्लेक्स खराब छापलाय. आमच्या बाजूच्या टीमला आम्ही उरलेला क्राफ्ट फोम दिला, त्यांनी सेलोटेपने चिकटवला, पुढची फेरी त्यांची नीट गेली आणि शेवटी ते आमच्या वर आले, असो.

मापाच्या डब्यात पंजा मिटून उभा करून २४.६ सेमी, पास. वजन ९४० ग्रॅम.

पहिली फेरी: तीन ठोकळे, तिन्ही बरोबर खणात, २ मिनिटं ५१ सेकंद. दुसरी फेरी: पहिला ठोकळा टाकून परत येताना दुसऱ्या चौकात उजवीकडे वळायचं तर अर्धवटच वळला, लाइन सापडली नाही, तिथेच फिरत राहिला. एकच ठोकळा. बॅटरी तपासली, ७.९, ठीक. सेन्सर ठीक. कोडवाला म्हणे घसरला असेल, मी म्हटलं चाकं पुसली होती. दोन फेऱ्यांची बेरीज धरून अठ्ठावीस टीममध्ये सहावे.

१६ नोव्हेंबर

हिशेब: एकूण ६२०० च्या आसपास. त्यातले ॲक्रिलिक, पहिला फ्लेक्स, एल२९८एन धरून ९०० रुपये वाया, एल२९८एनने निदान नरकासुराची मान तरी फिरवली. कॉलेजचे ३००० अजून यायचेत, दोन बिलांवर शिक्का नाही म्हणून परत आलीत. ठोकळे मेस्ताने करून दिले, त्याला पेढे दिले.

रोबो उघडला. दुसऱ्या फेरीत काय झालं ते सापडलं. एन२० चा शाफ्ट एका बाजूने चपटा असतो, प्लास्टिकच्या चाकाचं भोकही तसंच, नुसतं दाबून बसवायचं. आमच्या डाव्या चाकाचं भोक झिजून जवळपास गोल झालंय, हळू वळताना धरतं, जोर लागला की शाफ्ट आतल्या आत फिरतो आणि चाक जागेवर. सराव करून करूनच झिजलं असणार. बाहेरून काहीच दिसत नाही, चाक हाताने धरून मोटर थोडी चालवून बघितली तरच कळतं. पितळी हब आणि त्याला ग्रब स्क्रू असलेली चाकं मागवली आहेत, ३४० ची जोडी, आल्यावर ज्युनियर बसवणार, पुढच्या वर्षी रोबो तिच्याकडे.